नमाज आणि मनावरचा ताण : प्रस्तावना

जोयडा तालुक्यासाठी मनावरच्या ताणाविषयी पुस्तिका निघते आहे, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. शहरातली माणसे ताण घालवायलाच तर आमच्याकडे येतात. गणेशगुडीला काळी नदीत होड्या घालतात, अणशीच्या जंगलात पक्षी बघतात, दोन दिवस फोन लागला नाही म्हणून खूश होऊन परत जातात. इथे बारा महिने राहणाऱ्याला मात्र तोच न लागणारा फोन धास्तीचा असतो. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, तर गाडी बोलवायची कशी? उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा तालुका, आणि २०११ च्या जनगणनेत माणसे पन्नास हजारांच्या आसपास. अशा विरळ वस्तीत शेजार लांब, दवाखाना लांब, आणि मनातले बोलायला माणूसही लांब.

या मुलखाला एक जुनी जखमही आहे. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर सुपे नावाचे गाव होते. तालुक्याचे ठिकाण तेच आणि तालुक्याचे नावही तेच. काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण झाले, १९८० च्या दशकात पाणी अडले आणि सुपे बुडाले. कचेरी जोयड्याला गेली, पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसवली गेली. धरणाच्या विजेने दूरची शहरे उजळली. ज्यांच्या परड्यातले माड आणि आजा-पणज्यांची माती पाण्याखाली गेली, त्यांच्या पदरी नुकसानभरपाई पडली. पण आपले गाव पुन्हा कधीच दिसायचे नाही, या दुःखाची भरपाई कोणत्या कागदावर होणार? पाणी फार खाली गेले की सुप्याचे अवशेष वर येतात आणि म्हातारी माणसे ते बघायला जातात. परत आल्यावर ती दोन-दोन दिवस कमी बोलतात, असे त्यांच्या घरचे सांगतात.

आजचे घोर वेगळे आहेत. काळी व्याघ्र प्रकल्पातल्या गावांना ‘राहायचे की पैसे घेऊन उठायचे’ हा प्रश्न वर्षानुवर्षे टांगून ठेवतो. भाताच्या खाचरात गवे आणि रानडुकरे शिरतात. तरणी मुले अनमोड घाट उतरून गोव्यात कामाला जातात. कुणी गवंडीकाम करतो, कुणी हॉटेलात भांडी घासतो, आणि महिन्याच्या शेवटी फोनवर आईला ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. बायकांच्या गटांच्या नावावरची छोटी कर्जे तर घराघरात आहेत. वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला २०२५ साली त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. हप्त्याच्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली की पोटात गोळा येतो, झोप उडते, पोरांवर उगाच हात उठतो. डॉक्टर यालाच ताण म्हणतात. आमच्याकडे माणसे ‘जीव घाबरतो’, ‘डोके जड झाले’, ‘कशात मन लागत नाही’ असे सांगतात, आणि बहुतेक जण सांगतच नाहीत.

असा जीव घाबरलेला माणूस मुसलमान असेल, तर त्याच्या हाताशी लहानपणापासून एक गोष्ट असते. ती म्हणजे नमाज. तिचा मनाला आणि शरीराला खरोखर काय उपयोग होतो, कसा होतो आणि कुठवर होतो, हा या पुस्तिकेचा विषय. आमच्या तालुक्यात मुसलमान वस्ती थोडी आहे, रामनगरसारख्या बाजारगावांत आणि रस्त्यालगतच्या वस्त्यांत. घरात दखनी उर्दू, बाजारात कोंकणी आणि मराठी, कचेरीत कन्नड अशी आमची रोजची बोली. उर्दूत आणि अरबीत या विषयावर भरपूर लिहिलेले आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते वाचता येत नाही, आणि त्याच्या मराठा, कुणबी शेजाऱ्यालाही नाही. म्हणून ही पुस्तिका मराठीत.

आधी इतिहासातली एक गोष्ट, कारण ती आमच्या जंगलाशी जोडलेली आहे. हळियाळ, यल्लापूर, जोयडा या भागात सिद्दी समाज राहतो. पूर्व आफ्रिकेतून गुलाम, सैनिक, खलाशी म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि मुसलमानही आहेत. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इस्लाममध्ये पहिली अजान, म्हणजे नमाजेची हाक, देणारे हजरत बिलाल हेही हबशी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे होते, मक्केत गुलामगिरीत राबलेले, तापल्या वाळूत निजवून छातीवर दगड ठेवल्याचा छळ सोसलेले. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, येते की नमाजेची वेळ झाली की पैगंबरसाहेब बिलालना अजान द्यायला सांगत, आणि सांगताना या नमाजेने आम्हाला आराम मिळू दे, अशा अर्थाचे बोलत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नमाज हे फर्ज, म्हणजे बंधनकारक कर्तव्य आहे, चुकवू नये, हे आम्हाला मदरशात छडीच्या धाकाने शिकवले गेले. ती विसाव्याची जागा आहे, हे फार कमी जणांनी सांगितले. ज्या माणसाने सर्वांत जास्त सोसले त्याच्याच तोंडून विसाव्याची हाक निघावी, ही योजना मनात ठेवून पुढची पाने वाचावीत.

आता प्रत्यक्ष नमाजेकडे जवळून पाहू. सुरुवात वुजूने, म्हणजे नमाजेआधीच्या हात-तोंड-पाय धुण्याने होते. आधी मनगटापर्यंत हात तीनदा धुवायचे. मग चूळ भरायची, नाकात पाणी घ्यायचे, तोंड धुवायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे. ओले हात डोक्यावरून फिरवायचे आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडे हंड्यातले पाणी बर्फासारखे असते. ते तोंडावर मारले की श्वास क्षणभर अडतो आणि मग लांब सुटतो. थंड पाणी चेहऱ्याला लागले की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहे. शिवाय या दोन मिनिटांत हात रिकामे नसतात, म्हणजे फोन हातात नसतो. भांडण अर्धवट टाकून वुजूला गेलेला माणूस परत आला की आवाज खाली आलेला असतो. राग आला तर वुजू करावी, उभा असेल त्याने बसावे, बसला असेल त्याने आडवे व्हावे, असा सल्ला हदीसच्या ग्रंथांत आहे. तो देणाऱ्याला माणसाच्या शरीराची चांगली जाण होती.

मग मुसल्ला, म्हणजे नमाजेची चटई अंथरायची. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, आमच्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेली, म्हणजे घाटापलीकडच्या समुद्राकडे तोंड. कयाममध्ये नजर सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकायच्या, जागेवर ठेवून उभे राहायचे. रुकूत कमरेतून वाकायचे, हात गुडघ्यांवर, पाठ सपाट. पुन्हा सरळ व्हायचे आणि मग सजदा. कपाळ आणि नाक, दोन तळवे, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटे एवढे जमिनीला टेकते. पाच वेळांच्या फर्ज रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, सतरा, प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे दिवसाला चौतीस वेळा माणूस कपाळ जमिनीला लावतो. सुन्नत आणि नफील या जादाच्या रकाती धरल्या तर त्याहून अधिक. सजद्यात छोटी तस्बीह, म्हणजे अल्लाहच्या स्तुतीचे वाक्य, किमान तीनदा म्हणायची असते. ती सावकाश म्हटली तर श्वास आपोआप लांबतो, खांदे सैल पडतात, आवळलेला जबडा सुटतो. ताणाखाली माणसाचे खांदे कानाकडे चढलेले असतात आणि त्याला ते कळतही नाही. सजद्यात ते उतरतात.

घाईत पढलेल्या नमाजेत यातले काहीच घडत नाही. पैगंबरसाहेबांसमोर एका माणसाने भराभर नमाज उरकली, तर त्यांनी त्याला पुन्हा पढायला लावली, आणि तेही तीनदा. प्रत्येक अंगस्थितीत शरीर स्थिर होऊ दे, मग पुढे जा, ही त्यांची शिकवण. फिकहच्या, म्हणजे इस्लामी विधिनियमांच्या, पुस्तकांत या स्थिरतेला मोठे स्थान आहे. ज्यांना नमाजेचा उपयोग जाणवत नाही, त्यांनी सर्वांत आधी आपला वेग तपासावा. रुकूतून सजद्यात कोसळण्याऐवजी दोन श्वास उभे राहिले तरी फरक पडतो.

शास्त्र काय म्हणते? ताण आला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, हृदय धावते, श्वास वर-वर होतो, पचन मंदावते. समोर अस्वल असेल तर हे ठीक. हप्त्याची तारीख महिनाभर डोक्यात असेल, तर ही सज्जता उतरतच नाही आणि तीच आजाराला कारण होते. ती उतरवणाऱ्या चेतासंस्थेला पॅरासिम्पथेटिक म्हणतात आणि लांब, संथ उच्छ्वासाने ती जागी होते. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ या पुस्तकात दाखवले की एखादा शब्द वा वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे आणि मध्ये येणारे विचार न झगडता जाऊ देणे, एवढ्याने श्वास आणि हृदयगती मंदावतात. ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक धर्माच्या प्रार्थनेत सापडते, असेही त्यांचे म्हणणे होते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लॅटिन जपमाळ आणि योगातला मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांचे नियंत्रण सुधारले. नमाजेवर थेट काम मलेशियातल्या मलाया विद्यापीठात झाले. हाझम दौफेश आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात तीस मुसलमान पुरुषांच्या मेंदूचा आणि हृदयाचा आलेख नमाज चालू असताना घेतला. निवांत जागेपणी दिसणाऱ्या अल्फा लहरी नमाजेत वाढल्या आणि पॅरासिम्पथेटिक क्रियाही वाढली.

या अभ्यासांना आहे तेवढेच वजन द्यावे. माणसे थोडी होती, निरोगी होती, आणि मोजले गेले ते त्या काही मिनिटांपुरते. नमाजेने रक्तदाब बरा होतो, नैराश्य जाते असे यातून सिद्ध होत नाही. तसे छापील दावे मोबाइलवर फिरत असतात, त्यांपासून दूर राहावे. श्रद्धेला खोट्या शास्त्राच्या कुबड्या लागत नाहीत, आणि त्या दिल्या की एक दिवस श्रद्धाच लंगडी दिसते.

माझ्या मते नमाजेचा मोठा उपयोग यंत्राने मोजता येत नाही, तो दिवसाच्या रचनेत आहे. पहाटेची फजर, दुपारची जुहर, दुपार ढळल्यावरची असर, सूर्यास्तानंतरची मगरीब, रात्रीची इशा. चिंतेचा स्वभाव असा की ती अखंड दिवस मागते. सकाळी उठल्यापासून एकच विचार डोक्यात फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला मोठा होतो. पाच वेळा कुणीतरी बाहेरून हाक मारते आणि तो विचार सोडून उठावे लागते. नमाजेनंतर चिंता पुन्हा येते, पण तिची साखळी तुटलेली असते. गोव्यात बांधकामावर राबणारी आमची मुले सांगतात की जुहरची दहा मिनिटे हीच दिवसातली अशी वेळ, जेव्हा मुकादम त्यांना हाक मारत नाही. ज्या ठेकेदारांनी ही दहा मिनिटे मनापासून दिली आहेत, त्यांचे काम त्यामुळे अडलेले मी पाहिले नाही.

दुसरा उपयोग जमातीचा, म्हणजे एकत्र नमाज पढण्याचा. मशिदीत सफ, म्हणजे रांग, धरताना खांद्याला खांदा लागतो. कर्जदार आणि सावकार, शिपाई आणि साहेब एकाच रांगेत. चार दिवस एखादा दिसला नाही तर मागच्या सफेतला कुणीतरी विचारतो, ‘कुठे होतास?’ विरळ वस्तीच्या तालुक्यात हा प्रश्न लाखमोलाचा आहे. एकटेपणाने मनाचे आजार वाढतात, यावर आता जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांचे एकमत आहे. आमच्या बायकांना मात्र हा लाभ फारसा मिळत नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्या घरी नमाज पढतात, चुलीच्या आणि पोरांच्या मधल्या फटीत, आणि कर्जाच्या हप्त्याचा सर्वांत जास्त जाच त्यांनाच असतो. पैगंबरसाहेबांच्या काळी बायका मशिदीत येत. आमच्या गावांनी त्यांच्यासाठी वेगळी जागा करावी. ती होईपर्यंत शेजारच्या चार घरच्या बायकांनी असर एकत्र पढावी आणि नंतर अर्धा तास बसून बोलावे.

नमाज सोपी करण्याचे नियम शरीअतमध्येच आहेत, आणि ताणाने दमलेल्या माणसाला ते आधी सांगितले पाहिजेत. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. उभे राहता येत नसेल तर बसून पढावी, बसवत नसेल तर पडून, मानेच्या इशाऱ्याने. पाणी नसेल किंवा पाण्याने आजार वाढणार असेल, तर तयम्मुम, म्हणजे वुजूऐवजी कोरड्या मातीने शुद्धी. जेवण वाढले असेल आणि भूक लागली असेल तर आधी जेवून घ्यावे, अशी स्पष्ट हदीस आहे. पैगंबरसाहेबांचे सहकारी मुआज बिन जबल यांची हकीकत तर प्रत्येक इमामाने भिंतीवर लावावी. त्यांनी एकदा इशाच्या नमाजेत कुराणातली फार लांब सूरा लावली. दिवसभर उंटांमागे राबलेला एक मजूर मधूनच बाजूला झाला, एकट्याने नमाज पढून घरी गेला. मुआजनी त्याला नावे ठेवली. तक्रार पैगंबरसाहेबांकडे गेली तेव्हा ते मुआजवर रागावले. मागे म्हातारे असतात, दुबळे असतात, कामकरी असतात, म्हणून नमाज आटोपशीर ठेवा, असे त्यांनी बजावले. मजुराची बाजू त्यांनी घेतली.

पुस्तिकेतला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही माणसांना नमाजेनेच त्रास होतो. वुजू नीट झाली की नाही, या शंकेने माणूस अर्धा-अर्धा तास नळाखाली उभा राहतो. कातडी सोलवटते, रकाती किती झाल्या याची खात्री पटत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा पढतो. जुने उलेमा याला वसवसा म्हणत आणि खात्री शंकेने मोडत नाही, शंकेकडे लक्ष देऊ नका, असा निवाडा देत. आजचे मनोविकारतज्ज्ञ यात मंत्रचळ ओळखतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा माणसाला ‘आणखी नमाज पढ’ म्हणणे म्हणजे त्याला आजारात ढकलणे आहे.

तसेच नैराश्याचे. महिना-महिना झोप नाही, भूक नाही, जगणे नको वाटते, अशा माणसाला घरचे म्हणतात, ‘तुझा ईमान कच्चा, नमाज पढ, सगळे ठीक होईल.’ हे बोल घाव घालतात. आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्याला आता अल्लाहच्या नजरेतही आपण उतरलो असे वाटू लागते. इस्लामी परंपरेत याहून वेगळी शिकवण आहे. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचे अबू झैद अल-बल्खी इ.स. ९३४ मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख वेगळे आणि शरीरातल्या बिघाडातून, उघड कारणाशिवाय येणारे दुःख वेगळे, आणि दुसऱ्याला शरीरावरचे औषध लागते, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले. माणूस जशी अडीअडचणीला औषधे घरात ठेवतो, तसे धीर देणारे विचार मन शांत असताना साठवून ठेवावेत, हा सल्लाही त्यांचाच. नमाज आणि गोळी यांत त्यांनी भांडण लावले नाही, तर आपण का लावावे?

मराठी वाचणाऱ्या हिंदू आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की ही पुस्तिका कुणाला धर्म बदलायला सांगत नाही. उळवीच्या चन्नबसवण्णांच्या समाधीपुढे शांत बसणाऱ्याला किंवा संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्याला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. तुमच्या दुकानात, शेतात, बांधकामावर काम करणारा माणूस पाच-दहा मिनिटे बाजूला जातो तेव्हा तो काय करतो, एवढे कळले तरी आमचे काम झाले.

वाचकांनी ही पुस्तिका एका बैठकीत संपवू नये. पहिला आठवडा फक्त सजद्याचा वेग कमी करून पाहावा, बाकी काही बदलू नये. त्याने बरे वाटले तर पुढचे प्रकरण उघडावे. दोन आठवडे झोप उडालेली असेल, छातीत धडधड थांबत नसेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर पुस्तिका मिटून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. आपल्याला जवळचे मोठे ठिकाण म्हणजे धारवाडची मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था, डिमहान्स. तिथवर जाणे लगेच जमणार नसेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा रात्रंदिवस चालू असते. तिचा क्रमांक १४४१६. घरात फोन लागत नसेल तर जिथे लागतो त्या टेकडीवर जाऊन लावा, आणि एकट्याने जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या. मशिदीच्या नोटीस फलकावर, नमाजेच्या वेळापत्रकाखाली, हा क्रमांक आजच लिहून ठेवा, अशी तालुक्यातल्या सर्व इमामांना आणि मशिदींचा कारभार पाहणाऱ्या मुतवल्लींना माझी विनंती आहे.